दागिन्यावरील शिक्का

घरांत अडचण येते आणि वर्षानुवर्षें कपाटांत जपून ठेवलेल्या पाटल्या सराफाच्या तराजूंत जाऊन बसतात. घेतांना त्या बावीस कॅरटच्या म्हणून घेतलेल्या असतात. सराफ त्या कसोटीवर घासतो, मान हलवितो आणि सोनें अठरा कॅरटचें आहे असें सांगतो. पाटल्या ४० ग्रॅमच्या धरल्या, तर त्यांत ३६.६४ ग्रॅम शुद्ध सोनें असावयास हवें होतें. निघतें ३० ग्रॅम. साडेसहा ग्रॅमांहून अधिक सोनें, जें त्यांत कधीं नव्हतेंच, त्याचे पैसे त्या घरानें केव्हांच मोजलेले असतात. दुःखाची गोष्ट अशी कीं, ही फसवणूक बहुधा गरजेच्या दिवशींच उघडकीस येते.

शुद्ध सोनें फार मऊ असतें. त्याला टणकपणा यावा म्हणून सोनार त्यांत तांबें व चांदी मिसळतो. ही मिसळ म्हणजे लबाडी नव्हे. ती किती आहे याविषयीं खोटें सांगणें ही लबाडी होय. चोवीस भागांपैकीं बावीस भाग सोनें असेल तर तें बावीस कॅरट, म्हणजे हजारांत ९१६. त्याच हिशेबानें अठरा कॅरट म्हणजे ७५० आणि चौदा कॅरट म्हणजे ५८५. जुना 'बावनकशी' हा शब्द आतां सोन्यापेक्षां माणसांच्या वर्णनांतच अधिक ऐकूं येतो!

कसोटीचा काळा दगड अनुभवी हातांत पुष्कळ कांहीं सांगतो, परंतु तो सांगतो तें वरच्या कातडीपुरतें. आंत काय दडलें आहे हें त्याला कळत नाहीं. खरी परीक्षा अग्नीची. दागिन्याचा अगदीं लहानसा कपटा तोलून घेतात, त्यांत चांदी घालून तो शिशाच्या पत्र्यांत गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटींत ठेवून भट्टींत तापवितात. शिसें तांब्यासारख्या हिणकस धातूंना सोबत घेऊन वाटींत मुरून जातें व सोन्याचांदीचा एक मणी मागें उरतो. तो ठोकून, लाटून तेजाबांत उकळला कीं चांदी विरघळते. जें उरतें तें सोनें. तें पुन्हां तोललें कीं हजारांत किती, हें कळतें.

पण परीक्षा झाली हें गिऱ्हाइकास कसें कळावें? इंग्लंडांत १३०० सालीं पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्यानें परीक्षा झालेल्या चांदीवर चित्त्याच्या मुखाचा ठसा मारण्याचें ठरलें. पुढें १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या सभागृहांत, म्हणजे 'हॉल'मध्यें, माल नेऊन परीक्षा होऊं लागली. हॉलमार्क हें नांव तेथलेंच. त्याच वर्षीं दरसाल बदलणारें एक अक्षर ठशांत आलें. हें अक्षर आलें तें सोनारासाठीं नव्हे, तर चूक कोणत्या परीक्षकाच्या हातून झाली हें शोधतां यावें म्हणून. शिक्क्याचें मर्म येथेंच आहे. तो धातूची स्तुति करीत नाहीं; जबाबदार कोण, तें सांगतो.

भारतांत भारतीय मानक ब्यूरोनें सोन्याच्या दागिन्यांचें हॉलमार्किंग २००० सालीं सुरू केलें. १६ जून २०२१ पासून तें प्रथम २५६ जिल्ह्यांत सक्तीचें झालें व पुढें टप्प्याटप्प्यानें इतर जिल्ह्यांत पसरलें. आतां दागिन्यावर तीन खुणा पाहावयाच्या: ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, '२२ के ९१६' यासारखा शुद्धतेचा आकडा, आणि अक्षरें व अंक मिळून सहा स्थानांचा एक क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा निराळा असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्यें तो घातला कीं सराफाची नोंदणी, परीक्षण केंद्र, दागिन्याचा प्रकार व शुद्धता हीं समोर येतात. बांगडीवरचा क्रमांक तेथें अंगठी दाखवूं लागला, तर पुढें बोलणेंच खुंटलें! १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकावांचून हॉलमार्कचा दागिना दुकानांत विकतां येत नाहीं. त्यापूर्वींच्या दागिन्यांवर केंद्राची व सराफाची खूण निरनिराळी असे. घरांत असलेले तसे दागिने त्यामुळें खोटे ठरत नाहींत.

नुसता '९१६' हा आकडा मात्र कोणीही ठोकूं शकतो. त्रिकोण व क्रमांक नसतील, तर तो विकणाऱ्याचा केवळ शब्द होय.

शिक्का वजन सांगत नाहीं, घडणावळ रास्त आहे कीं नाहीं हेंही सांगत नाहीं. म्हणून पावतीवर सोन्याचें निव्वळ वजन, शुद्धता व हॉलमार्कचा आकार वेगळा लिहून घ्यावा. खड्यांचें वजन सोन्यांत धरलेलें नाहीं ना, तेंही पाहावें. दोन ग्रॅमहून हलके जिन्नस आणि कुंदन, जडावासारखें काम या सक्तींतून वगळलें आहे. तेथें पावतीच काय ती आधार.

शिक्क्याच्या दागिन्यांत सोनें कमी निघालें, तर विकलेल्या वजनावरील तुटीच्या दुप्पट रक्कम व परीक्षेचा खर्च मागण्याचा हक्क गिऱ्हाइकास आहे. वर सांगितलेल्या पाटल्यांवर असा शिक्का असता, तर त्या घरास १३.२८ ग्रॅम सोन्याचें मोल मागतां आलें असतें. बिनशिक्क्याचे जुने दागिनेही केंद्रांत थोडी फी देऊन तपासून घेतां येतात, आणि तें काम विकण्याची निकड नसतांना, सवडीनें करावें.