टर्मिनल म्हणजे विमानतळ नव्हे

पुण्यात कुठल्याही लग्नाच्या पंगतीला बसा, मुलगा परदेशी असलेले एक काका शेजारी येतातच. मठ्ठ्याची वाटी खाली ठेवायच्या आत त्यांचा सवाल ठरलेला : "एवढं चकाचक टर्मिनल झालं, मग लंडनचं थेट विमान का नाही? सगळी मुंबईवाल्यांची लॉबी!"

काका, लॉबी आहे. पण ती टर्मिनलमध्ये आहे. बसायला खुर्च्या, चहाला दोनशे रुपये. विमान उडतं ते धावपट्टीवरून, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. 1939 साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्ससाठी हा तळ उभा राहिला; आज तिथे सुखोई-30 असतात. विमानतळ प्राधिकरणाकडे आहे तो प्रवाशांचा भाग. उड्डाणांचं नियंत्रण हवाई दलाकडे. नागरी विमानांना वेळा, म्हणजे स्लॉट, मिळतात ते लढाऊ विमानांचा सराव सांभाळून. विमान उतरताना 'हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, फोटो काढू नयेत' अशी सूचना होते, ती काय उगाच?

तरी पटत नसेल तर ऑक्टोबर 2021 आठवा. धावपट्टीच्या डांबरीकरणासाठी 16 ते 29 तारखेपर्यंत, तब्बल चौदा दिवस, पुण्याहून एकही प्रवासी विमान उडालं नाही. टर्मिनलची मात्र एक वीटही हलली नव्हती.

आता लांबी. लोहगावची धावपट्टी 2,535 मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे 3,450. शिवाय मुंबई समुद्रकाठी, तर लोहगाव समुद्रसपाटीपासून 590 मीटरच्या आसपास. उंचावर, त्यातून एप्रिलच्या उन्हात, हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणजे तेवढंच वजन उचलायला धाव जास्त लागते. लंडनपर्यंतचं इंधन आणि पोटभर प्रवासी घेतलेलं मोठं विमान इथून उठवायचं, तर काहीतरी खाली ठेवावं लागणार : इंधन, सामान नाहीतर माणसं. हे गणित कुठल्याही लॉबीला वळवता येत नाही.

"पण लुफ्थान्सा यायची की!" यायची. 2008 मध्ये फ्रँकफर्टची थेट सेवा सुरू झाली, ती छोट्या विमानानं, मोजक्या खुर्च्या घेऊन. पुढे तीही थांबली.

बाकीचे गैरसमज झटपट :

"पुण्याहून परदेशी विमानच नाही." दुबई, बँकॉक परदेशातच येतात.

"नवं टर्मिनल मार्च 2024 मध्ये सुरू झालं." 10 मार्चला उद्घाटन झालं, प्रवासी आत शिरले 14 जुलैला.

"टर्मिनल वाढवलं की उड्डाणं आपोआप वाढतात." नव्या इमारतीची क्षमता वर्षाला 90 लाख प्रवाशांची सांगितली गेली. त्यानं रांग सुटते, स्लॉट सुटत नाही.

पुरंदरला नव्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, ती याच अडचणीपायी. तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांकडे जमीन मागितली जाते आहे ती काचेच्या इमारतीसाठी नव्हे, लांबलचक धावपट्ट्यांसाठी. त्यामुळे काका, पुढच्या पंगतीत टर्मिनलचे फोटो दाखवू नका. धावपट्टी किती मीटर आणि कोणाची, एवढंच विचारा. जिलबी आली, घ्या.