नाव एक, धनी दोन

मराठी घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. गोविंद विष्णूंचा मुलगा विष्णू गोविंद आणि त्याचा मुलगा पुन्हा गोविंद विष्णू. आडनाव तर एकच; म्हणजे आजा-नातवाची तिन्ही नावे तंतोतंत सारखी. घरात 'थोरले', 'धाकटे' म्हणून भागते. संगणकाला मात्र असे नाते उमगत नाही. नाव सारखे असले की कोणाला 'ओ' द्यायची, हे त्याला नियमानेच ठरवून द्यावे लागते. तो नियम ठाऊक नसला म्हणजे काय होते, ते आम्ही 1995 सालच्या मार्चअखेरीस एका पतपेढीत पाहिले.

त्या काळी लहान कचेऱ्यांचे हिशेब डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालत. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांचा 'व्हल्कन' हा या कुळाचा मूळपुरुष. तोच पुढे डीबेस टू या नावाने बाजारात आला. या भाषांत माहिती दोन ठिकाणी राहते. एक, डिस्कवरील कोष्टकाचा रकाना, म्हणजे फील्ड. आणि दुसरे, कामापुरते मनात धरलेले मूल्य, म्हणजे मेमरी व्हेरिएबल. दोहोंना एकच नाव देण्यास भाषेची आडकाठी नाही. गंमत अशी की, '=' लिहून त्या नावात मूल्य घातले तर ते व्हेरिएबलमध्ये जाते; पण तेच नाव वाचायला गेले तर उत्तर रकाना देतो! देताना एकाच्या हाती आणि मागताना दुसऱ्याच्या दारी, असा हा व्यवहार.

आमच्या त्या पतपेढीतील हौशी प्रोग्रॅमरने सभासद क्रमांकाच्या रकान्याला 'कोड' म्हटले होते आणि कारकुनाने टंकलेला क्रमांक ज्यात ठेवायचा त्या व्हेरिएबललाही 'कोड'च म्हटले. पतपेढी सोडून गेलेल्या एका सभासदाचे नाव कमी करायचे होते. आज्ञा होती, 'डिलीट फॉर कोड = कोड'. वाचताना निर्दोष वाटते. परंतु दोन्ही बाजूंना रकानाच उभा राहिला. प्रत्येक सभासदाचा क्रमांक स्वतःच्याच क्रमांकाशी ताडला गेला आणि अर्थातच जुळला. क्षणार्धात सारी सभासदयादी रद्द झाली.

यावर तोड होती, आणि ती अगदी सोपी. नावाआधी 'एम' हे अक्षर व एक टिंब दिले की व्हेरिएबलच समजायचे, असा फॉक्सप्रोचा संकेत. म्हणून तर एखाद्या कोष्टकाला नुसते 'एम' हे नाव देऊ नये, आणि 'ए' ते 'जे' ही एकेकटी अक्षरेही टाळावी, कारण ती कार्यक्षेत्रांसाठी राखलेली. जाणकार लोक आणखी पुढे जात. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या काळात व्हेरिएबलच्या नावाचे पहिले अक्षर त्याची व्याप्ती आणि दुसरे त्याचा प्रकार सांगी. 'एलसी'ने आरंभ झाला की ते स्थानिक आणि अक्षरी, 'एलएन' असले की स्थानिक आणि आकडी. जुन्या आवृत्त्यांत मात्र नावाला दहाच अक्षरांची मुभा, त्यांतली दोन अशी खर्चायला कोणाचे मन होईना. आम्हांला विचाराल तर हा कंजूषपणा महागात पडला. 2007 साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. तरी तसे लिहिलेले प्रोग्रॅम त्यानंतरही कित्येक वर्षे लोकांनी चालवले.

असो. त्या संध्याकाळी पतपेढी वाचली ती 'डिलीट'च्या सौम्यपणामुळे. ही आज्ञा नोंद पुसत नाही, तिच्या आरंभी केवळ एक तारांकन ठेवते. खरी पुसापुशी 'पॅक' म्हटल्यावर होते, आणि ते कोणी म्हटले नव्हते. 'रिकॉल ऑल' देताच यादी परतली. पण वर्षानुवर्षे 'पॅक'च न केल्यामुळे पूर्वी रद्द केलेले सभासदही तिच्याबरोबर परत आले. त्यांत दिवंगतही होते. मग सचिवांनी कपाटातून हातची नोंदवही काढली. ते एकेक नाव वाचत, आम्ही पडद्यावर शोधत असू. गोविंद विष्णू दोनदा निघाले. सचिवांनी चष्मा वर केला आणि विचारले, "यांतले थोरले कोणते?" शेवटी वहीतले सभासद क्रमांक ताडून आजोबांची नोंद रद्द केली. घरी परतायला रात्रीचे अकरा वाजले.