सीमेपलीकडील ऑनलाइन खरेदीचे वाद आणि ई-लवाद

समजा तुम्ही चीनमधील विक्रेत्याकडून ४,००० रुपयांचा हेडफोन ऑनलाइन मागवला. पैसे आधीच भरले, पण हेडफोन बिघडलेला निघाला आणि विक्रेता पैसे परत करायला तयार नाही. दाद कोठे मागायची? अशा वादांसाठी सुचवला जाणारा एक मार्ग म्हणजे ई-लवाद. त्याचे बळ आणि मर्यादा या पाठात पाहू.

१. ई-लवाद म्हणजे काय?

दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमलेली त्रयस्थ व्यक्ती म्हणजे लवाद आणि तिचा बंधनकारक निर्णय म्हणजे निवाडा. तक्रार, पुरावे, सुनावणी आणि निवाडा हे सारे इंटरनेटवरून झाले की त्याला ई-लवाद म्हणतात. मध्यस्थ फक्त तडजोडीला मदत करतो. लवाद निर्णय देतो, हा फरक लक्षात ठेवा.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने २०१६ मध्ये ऑनलाइन वाद निवारणाविषयी तांत्रिक टिपणे स्वीकारली. त्यांत वाटाघाट, साहाय्यित तडजोड आणि अंतिम टप्पा अशा तीन पायऱ्या आहेत. मात्र ही टिपणे बंधनकारक नाहीत.

२. संमती खरी आहे का?

खरेदी करताना तुम्ही ‘मला मान्य आहे’ यावर क्लिक करता. त्या अटींत लवादाचे कलम असू शकते. लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ७ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला लवाद करारही लेखी मानला जातो. पण न वाचता केलेल्या क्लिकमुळे ग्राहकाचा हक्क जातो का? एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) या घरखरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही राहता तेथील आयोगातही तक्रार करता येते.

३. निर्णय अमलात कसा येतो?

खरी अडचण येथे आहे. विक्रेत्याची भारतात मालमत्ताच नसेल, तर आयोगाचा आदेश हाती असूनही वसुली कठीण होते. याउलट, १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाच्या निवाड्याला १७० हून अधिक देशांत मान्यता मागता येते. भारत आणि चीन दोघेही त्या करारात आहेत. तरीही तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. ४,००० रुपयांसाठी तो खर्च कोण करील?

इंटरनेटवरील नावांच्या, म्हणजे डोमेन नावांच्या वादांत यावर उत्तर सापडले आहे. १९९९ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक धोरणानुसार तक्रार व निर्णय ऑनलाइन होतात. हरलेल्या पक्षाने मुदतीत न्यायालयात दावा केला नाही, तर नोंदणी करणारी कंपनी स्वतःच नाव हस्तांतरित करते. वसुलीसाठी धावपळ करावी लागत नाही.

ऑनलाइन खरेदीतही असेच करता येईल. वाद मिटेपर्यंत रक्कम विक्री मंचाने स्वतःकडे ठेवली, तर निवाडा लागताच ती परत देता येईल. ज्याच्या हाती पैसा आहे त्याला निवाडा बांधील हवा. नाहीतर ई-लवादातून ग्राहकाच्या हाती केवळ कागद राहतो.

स्वाध्याय: तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या खरेदी अ‍ॅपच्या अटी वाचा. वाद कोठे चालेल, खर्च कोण देईल आणि पैसे कोण परत करील, हे त्यांत सांगितले आहे का?