विदासंचय प्रशासन

संगणकात सुसूत्रपणे साठविलेल्या व एकाच वेळी अनेकांना वापरता येणाऱ्या माहितीच्या संग्रहास विदासंचय किंवा रूढ भाषेत डेटाबेस म्हणतात. त्याची रचना, वेग, सुरक्षितता आणि बिघाडानंतरचे पुनःस्थापन यांची व्यवस्था पाहण्याच्या कामास विदासंचय प्रशासन ही संज्ञा आहे. यांपैकी पुनःस्थापन हे सर्वांत जबाबदारीचे काम होय. कारण यंत्रणेची मंदगती मागाहून सुधारता येते, परंतु नष्ट झालेली नोंद परत मिळेलच असे नाही.

इतिहास : चार्ल्स बाकमन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आद्य विदासंचय प्रणालींपैकी एक तयार केली. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. एकत्रितपणे पूर्ण होणाऱ्या बदलांच्या समूहास ‘व्यवहार’ म्हणतात. या संकल्पनेला शास्त्रीय बैठक देण्यात जिम ग्रे यांचा वाटा मोठा असून त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

व्यवहार व लॉग : एका खात्यातून ५०० रुपये काढून दुसऱ्यात जमा करावयाचे असल्यास दोन्ही बदल झाले पाहिजेत किंवा एकही होता कामा नये. यासाठी प्रत्येक बदल मूळ साठ्यात उतरण्यापूर्वी लॉग नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो. वीज खंडित होऊन यंत्रणा बंद पडल्यास ती पुन्हा सुरू होताना लॉग वाचला जातो. पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा घडविले जातात व अपुरे रद्द केले जातात.

राखीव प्रती : लॉग वीज खंडित झाल्यास उपयोगी पडतो, परंतु साठवण तबकडीच निकामी झाल्यास वेगळ्या ठिकाणी ठेवलेली संपूर्ण प्रत आवश्यक असते. तिच्यावर नंतरचे लॉग लागू केले म्हणजे विदासंचय इष्ट क्षणापर्यंत आणता येतो. सतत अद्ययावत होणारा दुय्यम संगणक मात्र राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. मुख्य संगणकावर चुकून पुसलेली कोष्टके काही क्षणांतच तेथेही पुसली जातात.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुय्यम संगणक समजून मुख्य संगणकावरील विदा पुसली गेली. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने रोजच्या राखीव प्रती तयारच होत नव्हत्या आणि तशा सूचनाही संबंधितांपर्यंत पोहोचत नव्हत्या. अन्य कामासाठी सु. सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली. मधल्या काळातील नोंदी गमावल्या. कंपनीने याचा तपशील स्वतः प्रसिद्ध केला.

प्रशासकाची कर्तव्ये : किती वेळातील नोंदी गमावणे परवडेल व सेवा किती वेळ बंद राहिलेली चालेल, हे संस्थेकडून आधीच निश्चित करून घेणे आवश्यक असते. त्यानुसार प्रतींची वारंवारता ठरते. प्रत घेतली गेल्याचा संदेश पुरेसा नसतो. ठराविक काळाने ती स्वतंत्र संगणकावर उतरवून नोंदींची संख्या व बेरजा पडताळाव्या लागतात आणि त्यास लागलेला वेळ नोंदवून ठेवावा लागतो. भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकसेवेत यंत्रांची देखभाल सेवा पुरविणारी कंपनी करते. तथापि चुकीच्या आज्ञेने पुसलेल्या माहितीची जबाबदारी प्रायः ग्राहक संस्थेकडेच राहते. म्हणून पडताळणी झालेली प्रत हीच विश्वसनीय प्रत मानली जाते.