लांबची वाट, थोडा वेळ

शाळेतला पृथ्वीचा गोल आणि हातभर दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर आणि दुसरे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणा. तो कोठून गेला? सैबेरिया ओलांडून, थेट आर्क्टिक महासागरावरून! भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून हे कधीच सुचले नसते. गोलावरील सर्वांत जवळची ही वाट बृहद्वृत्ताची असते, म्हणजे ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या केंद्रातच येतो अशा वर्तुळाची. तिची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

पण विमानाला दोऱ्यासारखे जाता येतेच असे नाही. या वाटेवर हिमालय आहे, तिबेटचे पठार आहे, पुढे निर्जन बर्फाळ टापू आहे. विमानात बिघाड झाला तर उतरायला आवाक्यातला विमानतळ हवा ना? म्हणून २०१५ साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जाई. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि वेळ? साधारण साडेचौदा तास, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

वाट वाढली आणि वेळ घटला. परीक्षेत कोणी असे लिहिले तर आम्ही मास्तर लोक लाल रेघ मारू. इथे मात्र ते खरे आहे.

नदीतल्या होडीचा विचार करा. नावाडी वल्ही मारतो ती पाण्यात. होडीचा वेग पाण्याच्या सापेक्ष असतो. काठावरून पाहणाऱ्याला त्यात प्रवाहाचा वेग मिळवलेला किंवा वजा झालेला दिसतो. विमानही हवेच्या सापेक्ष उडते. आणि ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, जेथून मोठी विमाने जातात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेच्या अरुंद, वेगवान नद्या वाहत असतात. यांना झोतवारे म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास ते फारच जोरात असतात. तेथेच वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून ते मोजले. जगाला कळावे म्हणून त्याने १९२६ चा अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. पण ती भाषा जाणणारे होते किती? शोध बराच काळ तसाच पडून राहिला.

आता हिशेब करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पश्चिमेकडून जाताना समोरून सरासरी २५ किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या सापेक्ष वेग उरेल ८७५. १३,९०० ला ८७५ ने भागा: जवळजवळ १६ तास. पूर्वेकडून जाताना पाठीमागून १४० चा वारा असेल, तर वेग होईल १,०४०. १५,३०० ला त्याने भागा: १५ तासांहूनही कमी. इंजिने कमी तास चालली, तर इंधनही कमी जळणार.

तुम्ही म्हणाल, परतताना हाच वारा समोरून येईल आणि जाताना झालेला फायदा तेवढाच फिटेल. खरेच फिटेल का? मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ९०० आणि वारा १०० घेऊन जाण्या-येण्याचा एकूण वेळ काढा, मग वारा नसतानाच्या १६ तासांशी तो ताडून पाहा.