वळणावर गाडी कटकट करते?

मैत्रिणींनो, आर्वीला किंवा हिंगणघाटला माहेरी जाताना वळणावर पुढच्या चाकातून ‘कट-कट’ ऐकू येतं का? मग ‘ह्यांना’ लगेच सांगा. पुढचा एक्सल झिजल्याची ती खूण.

अँबॅसेडर, पद्मिनी या गाड्यांना मागची चाकं ढकलत. १९८३ साली मारुती ८०० आली, तिला पुढची चाकं ओढायची. आजच्या बहुतेक लहान गाड्याही तशाच. पुढच्या एक्सलच्या सांध्यावर रबरी बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि आपल्या वर्ध्याची काळी माती आत! वेळीच नुसता बूट बदलला तर थोडक्यात भागतं. नाहीतर अख्खा एक्सल.

रविवारी घरीच बदलायचा बेत असेल तर जॅक मातीच्या अंगणात लावू देऊ नका, पावसाळ्यात तो खचतोच. गाडी सिमेंटवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. एक्सलचा मोठा नट मात्र चाकं जमिनीवर असतानाच सैल करायचा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही. आमच्याकडे एकदा विटांवर गाडी टेकवली होती. वीट फुटली तेव्हा हे चहाला आत आले होते, म्हणून बरं! त्याच आठवड्यात लोखंडी स्टँड आणले.

एक्सल ओढताना गिअरबॉक्सचं तेल सांडतं. खाली जुनी परात ठेवा, पुरणाची नव्हे. नट नवाच घालावा, गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच आवळावा. आणि तेल पुन्हा भरल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका.