नगरवासी कायोटी

2007 सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहराच्या भर बाजारपेठेत एक विलक्षण गिऱ्हाईक एका उपाहारगृहात शिरले. दुकानाचे दार उघडे होते. आत आलेला प्राणी दिसावयास कोल्ह्यासारखा. पण तो कोणावर गुरगुरला नाही, कोणाच्या ताटाकडे त्याने पाहिले नाही. शीतपेयांच्या बाटल्या ठेवण्याच्या थंडगार कपाटात तो निमूटपणे जाऊन बसला आणि महापालिकेची माणसे येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत तेथेच बसून राहिला. कोणालाही साधा ओरखडा उठला नाही. गगनचुंबी इमारतींच्या त्या गर्दीत हे जनावर आले कोठून, असा प्रश्न पुष्कळांना पडला. त्याचे जातभाई कित्येक वर्षांपासून त्याच शहरात राहत होते, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

या प्राण्याचे नाव कायोटी. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला ‘कोयोत्ल’ हा शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. कायोटी हा लांडग्या-कुत्र्यांच्या कुळातला. लांडग्याहून पुष्कळ लहान, आपल्याकडील कोल्ह्याहून काहीसा मोठा. वजन बहुधा 10 ते 18 किलो. रंग करडा-पिंगट, कान उभे व टोकदार, आणि झुबकेदार शेपटी धावताना खाली झुकलेली. आवाज मात्र देहाच्या मानाने फारच मोठा. दोन कायोटी सुरात सूर मिसळून ओरडू लागले, म्हणजे घरामागे आठ-दहांचा कळप जमला आहे असा भास होतो. ज्याने रात्रीची कोल्हेकुई ऐकली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. कळप आल्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा एक जोडपेच असते.

दोनशे वर्षांपूर्वी कायोटी हा मुख्यतः पश्चिमेकडील माळरानांचा व कोरड्या मुलखाचा रहिवासी होता. इतरत्र लांडग्यांचे राज्य होते, आणि लांडगा कायोटीला आपल्या हद्दीत सुखाने नांदू देत नाही. वसाहतवाल्यांनी जंगले तोडली, लांडगे जवळजवळ निपटून काढले आणि नकळत कायोटीसाठी दार सताड उघडून दिले. पुढे मेंढपाळांच्या गाऱ्हाण्यांवरून कायोटीचाही निकाल लावण्याचे काम सरकारने हाती घेतले. 1931 साली त्यासाठी खास कायदा झाला. विष घातलेले मांस, सापळे, बंदुका, विमानांतून गोळीबार, असे सारे उपाय झाले. 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरील विषप्रयोगास मनाई केली. ती पुढे उठविण्यात आली, पण तोपर्यंत लक्षावधी कायोटी मारले गेले होते. या साऱ्या खटाटोपाचे फलित काय? हवाई बेटे सोडली, तर आज अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात कायोटी आहे, आणि दक्षिणेस तो पनामापर्यंत जाऊन पोहोचला आहे. सरकारी मोहिमांच्या इतिहासात अपयशांची वाण नाही. तरी इतके ठसठशीत अपयश विरळाच.

या अपयशाचे कारण कायोटीच्या कुटुंबव्यवस्थेत आहे. एक नर, एक मादी व त्यांची मोठी झालेली एखाद-दोन पिले, असे कुटुंब आपापली हद्द राखून असते आणि परक्या कायोटीला तीत पाऊल टाकू देत नाही. त्यामुळे स्वतःची जमीन नसलेले पुष्कळ उपरे कायोटी या हद्दींच्या कडेकडेने भटकत असतात. एखादे जोडपे मारले, की ती जागा ओस पडत नाही. थोड्याच दिवसांत कोणी तरी उपरा तेथे ठाण मांडतो. शिवाय संख्या घटली, की उरलेल्यांच्या वाट्याला अन्न अधिक येते, पिले अधिक होतात व जगतातही अधिक. मारणाऱ्याचे हात थकतात, कायोटीची वीण थकत नाही.

शहरातील कायोटीचे जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग शिकागोने दिला आहे. शिकागो ज्या कुक परगण्यात येते, तेथे ओहायो राज्य विद्यापीठाचे स्टॅन्ली गेर्ट यांनी 2000 साली अभ्यासास प्रारंभ केला. कायोटी पकडावयाचा, त्याच्या गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधावयाचा आणि त्याला सोडून देऊन त्याच्या हालचालींचा माग ठेवावयाचा, अशी ही पद्धत. थोडक्या वर्षांत आटोपेल असे वाटलेले काम पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालले आणि शेकडो कायोटींची चरित्रे उलगडली. हद्द राखून राहणाऱ्या कायोटीचा वावर सरासरी सुमारे 5 चौरस किलोमीटरांचा, तर उपऱ्याचा 25 चौरस किलोमीटरांहून अधिक. उद्याने, दफनभूमी, गोल्फची मैदाने, रेल्वेमार्गाच्या कडेची झुडपे, ही त्यांची वसतिस्थाने. रानात दिवसाही फिरणारा हा प्राणी शहरात आला आणि निशाचर झाला. माणसे निजली, की तो बाहेर पडतो. शहरात त्याचा सर्वांत मोठा वैरी मोटारगाडी होय. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत 18 विणींतील 96 पिलांची पितृपरीक्षा झाली, तीत एकाही जोडप्याने आपला जोडीदार असताना दुसरा केल्याचे आढळले नाही. शिकागोच्या मनुष्यवस्तीविषयी असा दाखला देण्याचे धाडस बहुधा कोणी करणार नाही.

तो खातो काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. शिकागो परिसरात गोळा केलेल्या विष्ठेच्या 1400 हून अधिक नमुन्यांत उंदीर-घुशींसारखे लहान कुरतडे प्राणी सुमारे 42 टक्के नमुन्यांत सापडले. त्याखालोखाल फळे, हरीण व ससे. माणसाच्या घरचे अन्न जेमतेम 2 टक्क्यांत होते. तळ्याकाठी उच्छाद मांडणाऱ्या कॅनडा हंसांची अंडीही तो फस्त करतो, आणि ही सेवा तो कोणत्याही पगारावाचून करतो. पण लॉस एंजेलिसमध्ये चित्र निराळे दिसले. तेथील दाट वस्तीतल्या कायोटींच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या विष्ठेत मांजरांचे अवशेष होते, आणि बागेतली लावलेली फळे, कचरा व माणसाशी संबंधित असे इतर खाद्य हाच त्यांच्या आहाराचा मोठा भाग होता. प्राणी एकच, परंतु शहराने वाढून ठेवलेले ताट निराळे.

या ताटाचे मोल कधी कधी फार मोठे पडते. 1981 साली कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे घरासमोर खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीवर कायोटीने हल्ला केला आणि ती दगावली. त्यानंतर अवघ्या 80 दिवसांत त्या जागेच्या अर्ध्या मैलाच्या परिसरात 55 कायोटी पकडण्यात वा मारण्यात आले. एवढ्याशा जागेत इतके कायोटी केवळ उंदरांवर पोसले जात नाहीत. मुद्दाम घातलेला घास, पाळीव जनावरांसाठी रात्रभर बाहेर ठेवलेली वाडगी, उघडे कचऱ्याचे डबे, यांनीच अशी गर्दी होते. कायोटीच्या हल्ल्यात माणूस मेल्याची दुसरी नोंद 2009 सालची, कॅनडातील केप ब्रेटन येथली. पाळीव कुत्र्यांमुळे अमेरिकेत दर वर्षी कित्येक माणसे प्राणास मुकतात, हे खरे. तथापि ज्या घरात ते मूल होते, त्या घराला असल्या तुलनेने समाधान वाटणार नाही. भीती अतिरंजित असली तरी तिचे मूळ खोटे नाही.

मग तक्रार आलेल्या नगरपालिकेने करावे काय? बरीच शहरे आता पायऱ्या ठरवून चालतात. कायोटी नुसता दिसला, ही तक्रार नव्हे. वसंतात पिले लहान असताना तो कुत्रा घेऊन फिरणाऱ्याच्या मागे काही अंतर ठेवून चालू लागतो. तो पाठलाग नसून आपल्या बिळापासून दूर पोहोचवून देणे असते. दिवसाढवळ्या तो माणसाच्या जवळ येऊ लागला, हाकलूनही हटेना, तर मात्र कोणी तरी त्याला खाऊ घालीत आहे असे समजून शोध घ्यावयाचा. नागरिकाने पळावयाचे नाही. हात उंचावून ओरडावयाचे, डबा वाजवावयाचा, त्याच्या दिशेने ढेकूळ भिरकवावयाचे आणि तो निघून जाईपर्यंत जागा सोडावयाची नाही. माळ्यावर बसून पाखरे राखणाऱ्या शेतकऱ्याला या विद्येची नवलाई वाटू नये. माणसावर चाल करून आलेला कायोटी मात्र पकडून दूर करण्यात येतो. अवघड काम येथून पुढचे. मायेपोटी घास घालणारी म्हातारी शेजारीण आणि मांजर गमावलेला शेजारी या दोघांची समजूत एकाच बैठकीत घालणे, हे कायोटी पकडण्यापेक्षा कितीतरी कठीण. पहिलीला वाटते आपण दया करतो. खरे तर तिच्या दयेने धीट झालेल्या प्राण्यालाच पुढे गोळी खावी लागते.

पकडून दुसरीकडे नेऊन सोडा, ही मागणी सर्वत्र होते. तिचा अनुभव महाराष्ट्राने निराळ्या आणि पुष्कळ अधिक धोकादायक प्राण्याच्या बाबतीत घेतलेला आहे. या शतकाच्या प्रारंभी पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात शेतांतून धरलेले बिबटे दूरच्या रानात सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले उलट वाढले. स्थलांतरित कायोटी माणसावर असा उलटत नाही. तो बहुधा नव्या जागी टिकत नाही आणि घराच्या ओढीने परतताना रस्त्यावर मरतो. जुनी जागा तोवर दुसऱ्याने घेतलेली असते.

2020 सालच्या जानेवारीत शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका कायोटीने भर दिवसा एका लहान मुलाच्या डोक्याला चावे घेतले. मूल वाचले. अशी घटना त्या शहरात कित्येक दशकांत घडलेली नव्हती, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. पालिकेने शहरातील सर्व कायोटींवर धाड घातली नाही. लंगडत फिरणारा एक कायोटी लोकांनी पाहिला होता, त्याला पकडले आणि जनुकीय तपासणीने चावणारा तोच हे निश्चित केले. त्याच्या छातीवर छऱ्याच्या बंदुकीची जखम होती.